आणीबाणीतील वृत्तपत्र-नियंत्रण (१९७५–७७)

भारतात २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेल्या आणीबाणीच्या काळात केंद्र सरकारने वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तसंस्था यांवर बसवलेला अंमल. मजकूर छापण्याआधी तो सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याची सक्ती हा त्याचा सर्वांत ठळक भाग. कोशातल्या मराठीत याला ‘अभ्यवेक्षण’ म्हणतात. संपादकीय विभागात आणि छापखान्यात मात्र सगळे ‘सेन्सॉर’च म्हणत. लोकांच्या आठवणीत सेन्सॉरची कात्री राहिली आहे. पण वृत्तपत्रांना नमवण्यात कात्रीइतकाच वाटा वीज, जाहिरात आणि वृत्तसंस्थांच्या तारेवरून येणाऱ्या बातम्या यांचा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या एकवीस महिन्यांचा उलगडा होत नाही.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. २५ तारखेला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. दुसऱ्या दिवशीच्या अंकांत ती पहिल्या पानावर येणार हे उघड होते. त्याच रात्री बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज गेली. दिल्लीतली बरीचशी मोठी दैनिके याच रस्त्यावर छापली जात. यंत्रे थांबली आणि अनेक दैनिकांचे अंक निघू शकले नाहीत. ‘हिंदुस्थान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ हे कॅनॉट प्लेस भागात होते, त्यांना वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून मिळत असे, म्हणून ते निघाले. वीज तोडण्याचे हुकूम तोंडी दिले गेले होते, हे पुढे आणीबाणीतल्या कारभाराची चौकशी करणाऱ्या न्या. जे. सी. शहा आयोगासमोर उघड झाले. सेन्सॉरची व्यवस्था उभी राहीपर्यंत वाचकांच्या हाती अंक पडू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. कायदा नंतर आला, अंधार आधी झाला.

२६ जूनला भारत संरक्षण नियमावलीच्या ४८ व्या नियमाखाली पूर्वतपासणीचा आदेश निघाला. हॅरी डी’पेन्हा मुख्य सेन्सॉर झाले. माहिती व नभोवाणी खाते काही दिवसांतच इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. प्रत्यक्ष काम अनेकदा फोनवरून चाले : अमुक नेत्याच्या अटकेची बातमी नको, तमुक निकाल छापू नका. लेखी काही नसल्यामुळे दाद मागायची तर कशाविरुद्ध, हाच प्रश्न पडे. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटजवळ घरे पाडली गेली आणि गोळीबारात माणसे मेली, पण देशातल्या बहुसंख्य वाचकांना ते वेळेवर कळलेच नाही. सक्तीच्या नसबंदीबद्दलही तसेच झाले. या नियंत्रणाची खरी किंमत इथे मोजावी लागते. आपल्या वस्तीवर बुलडोझर आला तर ते शेजारच्या शहराला कळेल, एवढा आधारही माणसांना उरला नव्हता.

सुरुवातीच्या दिवसांत निषेध झाला तो छापील पानावरच. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याच सुमारास निधनवार्तांच्या स्तंभात एक छोटी जाहिरात आली. ‘डी. ई. एम. ओक्रसी’ नावाच्या गृहस्थांचे २६ जून रोजी निधन झाले, पत्नीचे नाव ‘टी. रूथ’, मुलाचे ‘एल. आय. बर्टी’, आणि भावंडे फेथ, होप व जस्टिशिया. इंग्रजीतून मोठ्याने वाचले की लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य ही नावे ऐकू येतात. अग्रलेख तपासणाऱ्यांचे लक्ष छोट्या जाहिरातींकडे गेले नव्हते. पुढे कोऱ्या जागा सोडण्यावर बंदी आली. त्या जागी थोरांची वचने छापायलाही मनाई झाली, कारण गांधीजी आणि रवींद्रनाथ यांची वाक्ये त्या दिवसांत थेट सरकारला उद्देशून लिहिल्यासारखी वाटू लागली होती.

डिसेंबर १९७५ मध्ये तात्पुरत्या आदेशांना कायमचे रूप देण्यास सुरुवात झाली. आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनास प्रतिबंध करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारी प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही रद्द झाला. तो फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडून मिळवलेला होता. सभागृहात विरोधी सदस्य काय बोलले हे छापणे पुन्हा जोखमीचे झाले. फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. जिल्ह्याच्या गावच्या दैनिकाला दिल्लीत बातमीदार परवडत नाही, त्याचे पहिले पान तारेवर भरते. ती तार एकाच हातात गेली.

सरकारी जाहिरातींसाठी वृत्तपत्रांची अनुकूल, तटस्थ आणि प्रतिकूल अशी वर्गवारी केली गेली. प्रतिकूल ठरलेल्यांच्या जाहिराती तोडल्या गेल्या. अडीचशेच्या वर पत्रकार अटकेत गेले, कुलदीप नय्यर त्यांपैकी एक. काही विदेशी बातमीदारांना देश सोडावा लागला, बीबीसीचे मार्क टली त्यांत होते.

न्यायालयात लढली ती मुख्यतः लहान नियतकालिके. यामागे धैर्य होतेच, पण कारणही समजण्याजोगे आहे : सरकारी जाहिरातींवर ती जगत नव्हती आणि त्यांच्या मागे मोठे उद्योगही नव्हते. मुंबईतून निघणाऱ्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी सेन्सॉरने नाकारलेल्या मजकुरासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची बाजू सोली सोराबजी यांनी मांडली. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन व न्या. कानिया यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवायला लावणे, एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. मूलभूत हक्क गोठवलेले असताना एखाद्या उच्च न्यायालयाने हे लिहावे, याचे मोल फार मोठे आहे. गुजरातेत ‘भूमिपुत्र’ या सर्वोदयी नियतकालिकाच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तर त्या निकालाच्या प्रसिद्धीवरच सेन्सॉर बसला. पुण्यात यदुनाथ थत्ते यांच्या ‘साधना’लाही कारवाईला तोंड देत न्यायालयापर्यंत जावे लागले. राजमोहन गांधींच्या ‘हिंमत’कडे जामीन, म्हणजे सरकारकडे ठेवायची अनामत रक्कम, मागण्यात आला. दिल्लीच्या ‘सेमिनार’ने पूर्वतपासणी मान्य करण्याऐवजी प्रकाशन थांबवले.

‘जामीन’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांना नवा नव्हता. १९१० च्या ब्रिटिश प्रेस कायद्याने हेच हत्यार वापरले होते आणि शिवराम महादेव परांजपे यांचा ‘काळ’ त्याच सुमारास बंद पडला होता. छापील शब्द असा जखडला गेल्यावर बोललेल्या शब्दाचे वजन वाढले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून तेथेच होते. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके मात्र हातोहात फिरत राहिली.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि तपासणी सैल पडली. २१ मार्चला आणीबाणी उठली. आक्षेपार्ह मजकुराचा कायदा रद्द झाला, संसदीय वृत्तान्ताचे संरक्षण परत आले, १९७८ मध्ये ‘समाचार’ मोडून चारही वृत्तसंस्था वेगळ्या झाल्या आणि प्रेस कौन्सिलसाठी नवा कायदा झाला. ४४ व्या घटनादुरुस्तीने अंतर्गत अशांतता हे आणीबाणीचे कारण काढून टाकून तेथे सशस्त्र बंड हे शब्द घातले आणि अनुच्छेद ३६१-क द्वारे संसदीय वृत्तान्ताच्या संरक्षणाला घटनेत जागा दिली. केंद्र सरकारच्या जाहिराती कोणत्या वृत्तपत्राला किती द्यायच्या, हे ठरवण्याचे काम मात्र तेव्हाप्रमाणे आजही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच यंत्रणेकडे आहे.