हंगामाचा सण, दुष्काळातली लेकरं आणि अंगणातली जनावरं

सोलापूर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती अगदी थोडी, लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. पण ज्या गावात चार-दोन घरं आणि एक छोटं प्रार्थनामंदिर आहे, तिथे हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याचा दिवस, सहसा चुकत नाही. त्या दिवशी व्यासपीठापुढे कणसांसकट ज्वारीची ताटं उभी राहतात. हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, कांद्याची पाटी, सांगोल्याकडची डाळिंबं, नारळ असं जे ज्याच्या शेतात किंवा घरात असेल ते येतं. एखादी आजी पाय बांधलेली गावरान कोंबडी पदराखाली धरून आणते, कुणी करडू आणतं. पाळक अर्पणांवर प्रार्थना करतात, उपकारस्तुतीची गीतं होतात आणि मग मांडवात लिलाव सुरू होतो. एक साधं लिंबू शंभर-दोनशेला जातं. घेणारा ते पुन्हा अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. कडब्याच्या पेंढ्यांची बोली मात्र कुणी मुद्दाम वाढवत नाही. ज्याच्या दावणीला जनावरं जास्त, त्याला त्या जाऊ देतात.

लिलावात घेतलेलं करडू किंवा कोंबडी कापायची नाही, असा शिरस्ता काही घरांनी पाळलेला मी पाहिला आहे. कुठल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नियमात तो लिहिलेला नाही. अशाच घरांच्या अंगणात रस्त्यावर सोडून दिलेला जर्सीचा गोऱ्हा किंवा गाडीखाली पाय गेलेलं कुत्रंही सांभाळलेलं दिसतं. शेती, देवाचे उपकार मानणं आणि टाकलेल्या जिवाला जागा देणं, ही तिन्ही कामं एकाच उंबऱ्याच्या आत कशी आली? इंग्रज आणि अमेरिकन पाळकांनी शिकवली म्हणून आली, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते या सगळ्याचं मूळ दुष्काळात सापडतं.

अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोचली आणि त्याच दशकात मिशनचं कामही इथे उभं राहिलं. शाळा, दवाखाना, गावोगाव फिरणारे उपदेशक असं ते सावकाश चाललेलं काम होतं. त्यात १८७६ चा पावसाळा कोरडा गेला. पुढची दोन वर्षं जिल्ह्याने जे भोगलं ते आकड्यांत दिसतं: १८७२ आणि १८८१ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटली. काही माणसं मेली, काही देशोधडीला लागली. माती उपसून पोट भरायला लोक सरकारी कामांवर गेले. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव याच दुष्काळी कामांतून उभा राहिला. त्यानंतर १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला.

दुष्काळात घरातून आधी जनावर जातं. चारा संपतो, बैल कवडीमोलाने विकला जातो किंवा दावं सोडून त्याला मोकळं केलं जातं. ते वाटेवर कुठेतरी बसतं आणि उठत नाही. त्याच्या मागून माणसं जातात. या काळात सोलापूर, अहमदनगर आणि इतर ठाण्यांवर मिशनच्या लोकांनी अनाथ पोरं गोळा केली. १९०० मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी वर्गणी काढून ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मक्याचे दाणे मुंबईला पाठवले. आज जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत वंशावळ विचारली, तर कितीतरी ठिकाणी गोष्ट पणजोबांच्या आधी जात नाही. ‘त्यांना दुष्काळात मिशनने सांभाळलं’ इथून ती सुरू होते. त्या माणसाचं मूळ गाव कोणतं, आईबाप कोण, काही ठाऊक नसतं. ज्याच्या कुळाची सुरुवातच कुणीतरी उचलून घेण्यापासून झाली, त्याच्या घरात उपकारस्तुती हा नुसता उपासनेचा भाग उरत नाही.

सोलापूरच्या याच रेल्वेमार्गावर, दौंड ओलांडून पुण्याकडे निघालं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळातच गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ अनवाणी, उपाशी देशभर फिरले. वीस वर्षांनी दुसरा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि टाकलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, गाईबैल ठेवले. मुलींनी नांगरापासून छापखान्यापर्यंतची कामं शिकली. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. सोलापूरकडच्या जुन्या ख्रिस्ती बायकांच्या तोंडी रमाबाईंचं नाव घरातल्या माणसासारखं येतं, ते या सगळ्यामुळे.

आता पवित्र शास्त्राचं. शेतकऱ्याच्या घरात बायबल उघडलं की त्याला त्यात आपलंच शिवार दिसतं. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. खळ्यावर मळणीला बैलांची पात धरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही आज्ञा समजावून द्यावी लागत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या, दिवशी बैलाला आणि गाढवालाही विसावा द्यायचा. शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर पुढे निघून जायचं नाही, त्याला उठवायला हात लावायचा. कापणी करताना शेताच्या कडा सोडायच्या आणि सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, गरिबांसाठी राहू द्यायचा. तोच सरवा वेचायला मवाब देशातली रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात आली. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीत देव निनवे शहराची कीव करतो, तेव्हा माणसांबरोबर तिथल्या गुराढोरांचाही हिशेब धरतो. कोरडवाहू गावात ही वचनं वाचणारा माणूस त्यांना रूपक मानत नाही, कारण ती उद्या सकाळी करायची कामं असतात.

हंगामाच्या सणाचा आजचा साचा मात्र विलायतेहून आला, हे मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात मॉर्वेन्स्टो नावाचं समुद्रकाठचं खेडं आहे. तिथले पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये लोकांना बोलावून पिकाबद्दल खास उपासना घेतली. तिथून ही चाल इंग्लंडभर आणि पुढे जगभर गेली. हॉकर जनावरवेडे होते. त्यांच्या मांजरी त्यांच्यामागे देवळात यायच्या, अशा आठवणी सांगितल्या जातात. पण कॉर्नवॉलचा हंगाम आणि सोलापूरचा हंगाम एक नाही. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात धान्य कोठारात जातं. आपल्याकडे त्याच सुमारास हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी चाललेली असते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काढणीला येते ती माघ-फाल्गुनात. म्हणून इथल्या काही मंडळ्या सण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतात, काही रब्बी घरात आल्यावर. ज्यांनी तो रब्बीपर्यंत लांबवला त्यांनी योग्य केलं, असं मला वाटतं. ज्याचे उपकार मानायचे ते पीक तरी समोर असलं पाहिजे.

जनावरांवरच्या दयेचा इतिहासही ख्रिस्ती पाळकांशी जोडलेला आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. लंडनमध्ये १६ जून १८२४ रोजी एका कॉफी हाउसमध्ये काही जण जमले आणि प्राणिक्लेश निवारणाची जगातली सर्वांत जुनी अशी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. बैठक बोलावणारे आर्थर ब्रूम हे अँग्लिकन पाळक होते. गुलामगिरीविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स आणि गुरांच्या छळाविरुद्ध १८२२ चा कायदा करवून घेणारे खासदार रिचर्ड मार्टिन तिथे होते. ब्रूम यांनी पदरचे पैसे घातले, तरी संस्थेवर कर्ज झालं. त्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावं लागलं. पन्नास वर्षांनी, १८७४ मध्ये, मुंबईत अशी संस्था निघाली. पारशी दात्यांच्या पैशातून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, जे मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखतात.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात हा धागा ज्यांनी विणला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनबरोबर काम केलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण पडत-उठत आपल्या पिलांपर्यंत पोचते, एवढाच तिचा विषय. ती पाठ म्हणताना रडलेली मुलं सगळ्या जातिधर्मांची होती. टिळकांची भजनं आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. हंगामाच्या सणाला पेटी-तबल्यावर त्यांचं भजन लागलं की म्हाताऱ्या माणसांना पुस्तक उघडावं लागत नाही.

तुकोबांचा पूल म्हटल्यावर पंढरपूर आलंच, आणि पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव, काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे एकनाथ, दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेला उघडून देणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत. या गोष्टी ख्रिस्ती घरातल्या मुलांनीही आजीच्या मांडीवर ऐकलेल्या असतात. शिवाय गावाचं वर्ष सगळ्यांचं एकच. बेंदराला बैलांची शिंगं रंगतात, अक्कलकोटकडच्या सीमाभागात कारहुणवी हा बैलांचाच सण होतो, वेळ अमावस्येला शेतात आंबिल आणि भज्जी घेऊन अख्खं गाव जेवतं आणि शेजारच्या ख्रिस्ती घरालाही बोलावणं असतं. ख्रिस्ती शेतकरी बैलाची पूजा करत नाही, पण त्या दिवशी त्याच्या मानेवर जूही ठेवत नाही. हा संकर मला फार मोलाचा वाटतो. श्रद्धा आपल्या जागी आणि शेजारधर्म आपल्या जागी ठेवून जगण्याची ती रीत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी बदलल्या. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि मिशनच्या काळापासूनच्या बऱ्याच मंडळ्या त्यात आल्या. आणि १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा वाटलेल्या सुकडीची आणि खडी फोडण्याच्या कामांची आठवण अजून ताजी आहे. त्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, माणसं उपाशी मरणं थांबलं, पण जनावरांचा प्रश्न उरला. २०१८-१९ मध्ये सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या उघडल्या तेव्हा माणसं महिनोन्‌महिने गुरांबरोबर छावणीतच राहिली. याच दशकांत ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले. दूध न देणारा जर्सीचा गोऱ्हा कुणाला परवडेना, म्हणून तो रात्री दुसऱ्या गावच्या वेशीत सोडला जाऊ लागला. रस्ते रुंद झाले आणि रस्त्याकडेला जखमी कुत्री वाढली.

मोहोळच्या पुढे असंच एक घर आहे. दीड-दोन एकर शेत, दोन शेळ्या, कुणीतरी सोडून दिलेला आणि आता दावणीला असलेला एक गोऱ्हा आणि मागचा पाय नसलेलं एक गावठी कुत्रं. महामार्गाच्या कडेला ते सापडलं तेव्हा घरातल्या थोरल्या मुलाने त्याला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर उचलून आणलं. पशुवैद्यकांनी पाय काढला. जखमेला हळद लावायची की मलम, यावर आई आणि मुलाचा वाद झाला आणि डॉक्टरांनी मलमाच्या बाजूने निकाल दिला. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत धाकटी मुलगी उपकार मानते, तेव्हा यादीत पाऊस, शाळा, आजीचे गुडघे आणि कुत्र्याचे उरलेले तीन पाय असे सगळे येतात. आजी तिला अडवत नाही. आजीचे स्वतःचे आजोबा दुष्काळातल्या अनाथांपैकीच होते.

मुंबईतल्या काही कॅथलिक चर्चमध्ये ४ ऑक्टोबरच्या आसपास, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाला, पाळीव प्राण्यांना आशीर्वाद देण्याची उपासना होते. सोलापूरच्या गावांत अशी वेगळी उपासना मी पाहिलेली नाही. इथे प्राणी हंगामाच्या सणातच येतात, धान्याबरोबर आणि धान्याच्या बरोबरीने. आता तरुण मुलं त्या दिवशी जमलेल्या लोकांना कुत्र्यांच्या नसबंदीबद्दल आणि रेबीजच्या लसीबद्दलही सांगू लागली आहेत. भटक्या कुत्र्यांना मारून टाकण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करायचं, ही तरतूद केंद्राच्या २००१ च्या नियमांत आली आणि २०२३ च्या नव्या नियमांतही ती कायम आहे. हे काम स्थानिक संस्थांचं आहे आणि ग्रामपंचायतीही त्यात मोडतात. म्हणून काही पाळक आता ग्रामसभेत हा विषय काढतात, आणि मंडळीतले लोक त्यांच्यामागे उभे राहतात.