बोगद्यातील रेडिओग्रहण

बोगदे, पुलाखालचे रस्ते, पत्र्याने मढवलेल्या खोल्या अशा आच्छादित जागांतील वाहनांपर्यंत वा माणसांपर्यंत रेडिओ तरंग पोहोचणे किंवा पोहोचवणे. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) ‘बोगदा’ हा शब्द डोंगरातल्या भुयाराप्रमाणे रेल्वेमार्गाखालून जाणाऱ्या रस्त्यालाही लावतात. जळगावचा बजरंग बोगदा सर्वांना ठाऊक आहे. येथे दोन्ही अर्थ घेतले आहेत.

तरंग आत न शिरण्याचे कारण केवळ भिंतीची जाडी नव्हे. तरंगलांबी आणि बोगद्याचे तोंड यांचे प्रमाण निर्णायक ठरते. आकाशवाणीचे जळगाव केंद्र मध्यमलहरीवर 963 किलोहर्ट्‌झला लागते; त्याची तरंगलांबी सु. 311 मी. भरते. 10 मी. रुंदीच्या बोगद्यात साधारण 15 मेगाहर्ट्‌झखालील कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सीचे) तरंग पुढे सरकत नाहीत. भिंती विद्युत्‌वाहक मानल्या, तर तोंडाच्या रुंदीइतके आत जाताच त्यांची तीव्रता सु. 27 डेसिबेलांनी (सु. पाचशेपट) घटते. केळीचा ट्रक पुलाखाली शिरतो तेव्हा केबिनमधला निवेदकाचा आवाज आधी बारीक होतो, मग नुसती खरखर उरते; ट्रकचे तोंड पलीकडे निघताच तेच गाणे एक ओळ पुढे गेलेले ऐकू येते. एफएमचे तरंग सु. 3 मी. लांबीचे असल्याने आत शिरतात, पण लांब बोगद्यात खडक त्यांना शोषून घेतो. 900 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले मोबाइलचे तरंग सरळ बोगद्यात त्याहून बरेच लांब जातात; वळण आले की तेही मंदावतात.

तारेच्या साहाय्याने तरंग आत नेऊन सोडणे हा यावरील उपाय. त्याच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. खाणीत नेलेल्या तारा, रूळ आणि नळ यांच्या लगत प्रक्षेपण ऐकू येते, हे अमेरिकेतील खाण-प्रयोगांत 1920 नंतरच्या दशकात दिसून आले होते. काही लेखक येथूनच आरंभ धरतात. दुसरे मत, मंक व विंबिगलर या संशोधकांनी 1956 च्या सुमारास बोगद्यातील आगगाड्यांसाठी मांडलेल्या तारमार्गाला अग्रमान देते. ब्रिटन व बेल्जियममधील कोळसाखाणींत 1960 नंतर झालेल्या कामाकडे, विशेषतः मार्टिन आणि डेलोन या संशोधकांकडे, श्रेय देणारा तिसरा पक्ष आहे. तारेलगत तरंग वाहतो हे कळणे आणि तो ठरवून, मोजून बाहेर सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे हा तिसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

आज रूढ असलेली ‘लीकी केबल’, म्हणजे गळकी केबल, ही समाक्ष (कोअ‍ॅक्शियल) केबलच, म्हणजे मधली तार व तिच्याभोवती धातूचे वेष्टन असलेली केबल असते. फरक इतका की तिच्या बाहेरील तांब्याच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर चिरा ठेवलेल्या असतात. बोगद्याच्या छताला वा भिंतीला टांगलेल्या या केबलमधून तरंग थोडाथोडा झिरपतो आणि वाहनाच्या अँटेनाला मिळतो. चिरा मोठ्या ठेवल्या तर जवळ आवाज स्वच्छ येतो, पण केबलच्या शेवटापर्यंत काही उरत नाही. लहान ठेवल्या तर उलटे घडते. म्हणून लांब बोगद्यात मधूनमधून प्रवर्धक (अँप्लिफायर) बसवावे लागतात. बाहेर उंचावरील अँटेनाने पकडलेले एफएम प्रक्षेपण या केबलमधून आत सोडता येते आणि अपघात किंवा आग लागल्यास नियंत्रण कक्ष त्याच वाटेने चालू कार्यक्रम थांबवून सूचना देऊ शकतो. हा उपयोग सर्वांत मोलाचा आहे.

चाळीसगाव व कन्नड यांमधील कन्नड (औट्रम) घाटात बोगद्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. केबलची जागा आराखड्यातच राखावी. बांधकामानंतर वाहतूक थांबवून ती टांगणे जिकिरीचे होते.

केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरला दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम असतो. दार घट्ट लावले की आतल्या हमालाचा फोन लागत नाही. चार बोटे उघडताच लागतो. येथे फटीच्या रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची असते, कारण अर्ध्या तरंगलांबीहून (900 मेगाहर्ट्‌झला सु. 17 सेंमी.) लांब फट तरंगाला वाट देते. सिग्नल वाढवणारे बूस्टर भारतात परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज कोणाला बसवता येत नाहीत. दाराजवळ तारेचा साधा फोन ठेवणे हा सोपा मार्ग आहे.