पूर्ण भूल देऊन मुलांचे दात : श्वास कसा सांभाळतात?

तीन-चार वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडलेत आणि ते तोंडच उघडू देत नाही, तेव्हा आम्ही पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं काम करायचं सुचवतो. 'शुद्धीवर येईल ना?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की भुलीत असताना त्याचा श्वास कोण सांभाळणार?

आमचं काम तोंडात, आणि श्वासाची वाटही तिथूनच. ड्रिलचं पाणी, रक्त, दाताचा कपचा घशाकडे जायला बघतो. भुलीत जीभ सैल पडून मागे सरकते, ठसकाही लागत नाही. त्यात मुलांची श्वासनळी अरुंद असते, आणि वजनाच्या मानाने त्यांना ऑक्सिजन मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो. श्वास अडला तर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. म्हणून ही भूल आम्ही दवाखान्यातल्या खुर्चीत देत नाही. ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयात जातो, आणि भूलतज्ज्ञ वेगळे असतात. दात करणाऱ्यानेच भूलही सांभाळायची, हे आम्हाला पटत नाही.

बहुतेक मुलांना मास्कमधून औषध हुंगवून झोपवतात, सलाईनची सुई नंतर. मग श्वासनळीत नळी घालतात, बहुधा नाकातून. तोंड मोकळं राहतं आणि दात मिटवून चावाही तपासता येतो. नाकातून रक्त येऊ नये म्हणून आधी थेंब टाकतात, नळी कोमट पाण्यात मऊ करतात. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील तर नळी तोंडातून. काम अगदी थोडं असेल तर कधी घशात बसणारा मास्कही पुरतो. घशात ओल्या गॉजची पट्टी ठेवतात. ती ठेवल्याची नोंद होते, आणि काढल्याची खात्री झाल्याशिवाय मुलाला उठवत नाहीत. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र असतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही पडद्यावर दिसतो. नळी जागेवर आहे का, हे त्यावरून लगेच कळतं.

आता तुमच्याकडचं. जेवण, वरचं दूध, चहा-बिस्कीट, केळं हे सगळं 6 तास आधी बंद. शेवभाजी, भजी असं तेलकट 8 तास आधी. आईचं दूध 4 तास. साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत खुशाल द्या. पहाटेच्या एसटीत पोर रडलं म्हणून आजीने बिस्कीट दिलं असेल तर तेवढं सांगून टाका. कोणी रागावणार नाही, तारीख पुढे जाईल. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर ते फार महागात पडतं.

सर्दी, ताप, कफाचा खोकला असेल तर निघण्याआधीच फोन करा. अशा वेळी श्वासमार्ग चिडलेला असतो, भुलीत स्वरयंत्र आवळून श्वास अडू शकतो; बरं वाटल्यावरही सहसा दोनेक आठवडे थांबतो. घरात बिडी-सिगारेटचा धूर असेल तर तोही त्रास वाढवतो, तेव्हा बाबांनी निदान बाहेर जाऊन ओढावी. मूल घोरतं, झोपेत मध्येच श्वास थांबतो, दमा आहे, एखादा दात हलतो, हे विचारायची वाट न बघता सांगा. हलणारा दात नळी घालताना निसटून आत जाऊ शकतो. दम्याचा पंप सोबत आणा.

नंतर एक-दोन दिवस घसा दुखणं, आवाज बसणं, नाकातून थोडं रक्त येणं चालतं. श्वास घेताना घर्र आवाज, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काही दिसलं तर आम्हाला फोन करत बसू नका, जवळच्या रुग्णालयात जा.

घरी नेताना मोटरसायकल नको. गाडीत एक मोठं माणूस मुलाशेजारी बसावं; पेंगताना त्याची हनुवटी छातीला टेकू देऊ नये. रावेर, चोपड्यापलीकडच्या गावांतून येणाऱ्यांनी त्या रात्री जळगावातच कुणाकडे मुक्काम करता आला तर बघावं.