बालदंतसेवा, सार्वजनिक (महाराष्ट्र)

ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही अशा घरांतील मुलांच्या दातांची सरकारी खर्चाने होणारी तपासणी, निगा व उपचार. ही नोंद मुख्यतः सहा वर्षांखालील, म्हणजे अंगणवाडीच्या वयातील मुलांविषयी आहे.

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांत सगळे येतात. त्यांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्याने कीड लवकर आत, नसेपर्यंत पोचते. रात्री तोंडात राहिलेली साखरेच्या दुधाची बाटली, दिवसभर थोडी थोडी खाल्लेली बिस्किटे आणि गोड चहा ही नेहमीची कारणे. वरचे पुढचे दात आधी पांढुरके, मग तपकिरी होतात आणि शेवटी हिरडीपाशी खुंट उरतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच’ ही समजूत घरोघरी आढळते आणि तिची किंमत मूल मोजते. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या ठणकू लागल्या की मूल जेवत नाही, झोपत नाही. आधीच वजन कमी असलेल्या मुलाला हे फार महागात पडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, झाली. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची सुमारे तीस आजारांसाठी तपासणी होते आणि दंतविकार त्या यादीत आहेत. आयुष शाखेचे दोन डॉक्टर (एक स्त्री, एक पुरुष), परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. कीड दिसली की नाव नोंदवून मुलाला पुढे पाठवतात.

खरी अडचण इथून सुरू होते. दंतचिकित्सकाची खुर्ची बहुधा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतविभाग आहेत, पण पाड्यावरून तिथवर जायचे तर आईची एका दिवसाची मजुरी बुडते, शिवाय एसटीचे भाडे. उपचार मोफत असूनही पाठवलेले मूल पोचत नाही ते यामुळे. पोचते तेव्हा गालावर सूज आलेली असते आणि दात काढण्याखेरीज फारसे काही उरलेले नसते.

म्हणूनच मुलाजवळ नेता येतील असे उपचार मोलाचे ठरतात. ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड किडलेल्या जागी ब्रशने लावले की बहुतेक वेळा कीड थांबते; सुई नको, यंत्र नको. मात्र कीड नसेपर्यंत गेली असेल तर त्याचा उपयोग नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, तेव्हा पुढच्या दातांना लावण्यापूर्वी आईला ते नीट सांगून तिची संमती घ्यायलाच हवी. दुसरी रीत म्हणजे हाताच्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरणे. ही दोन्ही द्रव्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. दोन्हींना वीज लागत नाही. तपासणी अंगणवाडीच्या ओसरीवर होऊ शकते, तर प्रशिक्षित दंतचिकित्सक सोबत असल्यास हे उपचारही तिथेच व्हायला हवेत.

घरची निगा साधी आहे. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. ब्रश मोठ्यांनी फिरवावा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांनी पेस्ट गिळू नये याकडे अधिक लक्ष लागते. मिश्रीत जाळलेली तंबाखू असते. घरातल्या बाया लावतात म्हणून ती मुलाच्या हिरड्यांना कदापि लावू नये.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी कुणी हळहळत नाही. पहिलीच्या वर्गातील तपासणीत पथकाने सर्वांत आधी हीच दाढ पाहावी.