मेदयुक्त स्वादुपिंड आणि आहाराचा दर्जा

मेदयुक्त स्वादुपिंड : स्वादुपिंडात प्रमाणाबाहेर चरबी साठण्याची अवस्था, सोनोग्राफीच्या अहवालातला ‘फॅटी पँक्रियाज’. लठ्ठ व्यक्तींमध्ये ही चरबी जास्त आढळते, हे संशोधक ओगिल्वी यांनी १९३३ मध्ये नोंदवले. मद्य, वाढते वय आणि काही आनुवंशिक आजार हीदेखील कारणे आहेत; पण बहुतेकांत ती पोटाच्या घेराबरोबर येते. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी धरतात.

यकृतात चरबीचे थेंब पेशींच्या आत साठतात. स्वादुपिंडात मुख्यतः ग्रंथीच्या खंडकांमधल्या (छोट्या भागांमधल्या) जागेत चरबीपेशीच शिरतात. गरजेपेक्षा जास्त साखर व पिष्ट पोटात गेले की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडते. त्वचेखाली ती मावेनाशी झाली, की इतर अवयवांत उतरते. टाइप २ मधुमेहाशी या अवस्थेचा संबंध दिसतो, आणि स्वादुपिंडाला सूज आल्यास ती अधिक गंभीर होऊ शकते.

न्यूकॅसल विद्यापीठात २०११ मध्ये ११ मधुमेही रुग्णांना ८ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा स्वादुपिंडातील चरबी ८ वरून ६.२ टक्क्यांवर आली. हा परिणाम मात्र उपासमारीच्या जवळ जाणाऱ्या आहाराचा होता. तो घरी करू नये : वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि निसटलेला खडा स्वादुपिंडालाच सूज आणू शकतो. आयुष्यभर पाळता येतो तो आहाराचा दर्जा. म्हणजे ताटात डाळी, भाज्या, अख्खी धान्ये, तेलबिया किती आणि साखर, मैदा, तळण किती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळे १००, तेल २७ ग्रॅम पुरते. तेलाचा हिशेब चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर होतो, आणि त्यात बाहेरचे खाणेही आले. नागपुरात गणित चुकते ते इथेच. सकाळच्या पोह्यांवर तर्री (रश्श्यावर तरंगणारे तिखट तेल), दुपारी वडाभातावर फोडणीचे तेल, रविवारी सावजी रस्सा. घरातला तेलाचा डबा मात्र वेळेतच संपतो, म्हणून तेल जास्त होतेय हे लक्षात येत नाही. तर्री बाजूला काढून खालचा चण्याचा रस्सा घ्यावा. चण्यात प्रथिने व तंतू दोन्ही आहेत. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण आणि जवसाची चटणी हे ताट दर्जाला उत्तम आहे, फक्त चटणीवर कच्चे तेल ओतू नये. संत्रे सोलून खावे. पेलाभर रसाला तीन-चार फळे लागतात, चोथा गाळला जातो आणि साखर तेवढी उरते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने काही साधत नाही. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

सोनोग्राफीला ६ ते ८ तास उपाशीपोटी जावे. स्वादुपिंड जठराच्या मागे असते. नाश्ता करून गेल्यास अन्न आणि वायू त्याला झाकतात. चरबी साठलेले स्वादुपिंड मूत्रपिंडापेक्षा ठळक पांढरे दिसते. नेमके प्रमाण एमआरआयवर कळते. अहवालात फॅटी पँक्रियाज आल्यास उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) तपासून घ्यावे.