व्हर्च्युअल मशीन आणि फर्मवेअर बूट : मुक्तस्रोत साधने

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड असे सगळे असल्याचा भास घडवलेला असतो, आणि खऱ्या यंत्रासारखे त्यालाही शून्यातून सुरू, म्हणजे बूट, व्हावे लागते. हे सुरू करण्याचे काम फर्मवेअरचे. खऱ्या संगणकात फर्मवेअर मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती होस्टच्या, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर ते चालते त्याच्या, डिस्कवरची साधी फाइल असते. तिची प्रत काढता येते, तीत बदल करता येतो, बिघडली तर टाकून देता येते. गोव्याच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. खऱ्या बोर्डाच्या बायॉसचे, म्हणजे पीसीच्या फर्मवेअरचे, अपडेट चालू असताना ती गेली, तर बोर्डच निकामी होण्याची भीती असते. फाइलच्या बाबतीत हा धोका नाही, म्हणून फर्मवेअर शिकायला व्हर्च्युअल मशीनइतकी चांगली जागा दुसरी नाही.

या क्षेत्रातले पायाभूत साधन क्यूईएमयू. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्या प्रोसेसरच्या सूचनांत चालता-चालता भाषांतरित करणे ही त्याची मूळ पद्धत. ती संथ असते, पण तिच्यामुळे साध्या लॅपटॉपवर आर्म किंवा रिस्क-फाइव्ह अशा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे यंत्र उभे करता येते. गेस्ट (म्हणजे व्हर्च्युअल मशीन) आणि होस्ट यांचे प्रोसेसर एकाच जातीचे असतील तर भाषांतराची गरज उरत नाही. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची, म्हणजे गेस्टच्या सूचना थेट चालवण्याची, सोय दिली. तिचा उपयोग करणारे केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, २.६.२० या आवृत्तीत आले. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचलेले संगणक या सोयीच्या आधीचे होते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती असते, मात्र काही वेळा बायॉस सेटअपमध्ये बंद ठेवलेली असते. व्हर्च्युअल मशीन फार हळू चालत असेल, तर आधी ते तपासावे.

लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर ही क्यूईएमयू-केव्हीएम हाताळायची सोपी साधने. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भागही मुक्तस्रोत आहे आणि नवशिक्यांना तोच जवळचा वाटतो.

आता फर्मवेअर. एक्स८६ प्रोसेसर रीसेट झाल्यावर आपली पहिली सूचना ४ जीबी पत्त्याच्या १६ बाइट अलीकडून उचलतो. क्यूईएमयू फर्मवेअरची फाइल बरोबर त्या जागी दिसेल अशी मांडते. वेगळे काही सांगितले नाही तर ही फाइल सीबायॉसची असते. केव्हिन ओ'कॉनर यांनी बॉक्स या एम्युलेटरच्या बायॉसवरून सी भाषेत उभारलेला हा प्रकल्प आयबीएमच्या जुन्या पीसींपासून चालत आलेली रीत पाळतो : डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर आणायचा, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का पाहायचे आणि ताबा त्याच्याकडे द्यायचा.

दुसरी रीत यूईएफआयची, म्हणजे जुन्या बायॉसची जागा घेणाऱ्या फर्मवेअर-मानकाची. तिच्यासाठी टियानोकोअर समुदायाच्या ईडीके-२ या कोडमधून ओव्हीएमएफ हे व्हर्च्युअल मशीनचे फर्मवेअर तयार होते. ते पहिला सेक्टर चालवत नाही. डिस्कवरच्या फॅट स्वरूपाच्या खास विभाजनातली (पार्टिशनमधली) ईएफआय फाइल शोधते. म्हणूनच सीबायॉसवर इन्स्टॉल केलेली डिस्क ओव्हीएमएफला जोडली की यंत्र सहसा बूट होत नाही. डिस्क शाबूत असते. तिला सुरू करणारी रीत बदललेली असते. शिकणाऱ्यांची बरीच संध्याकाळ इथे वाया जाते, म्हणून फर्मवेअरची निवड इन्स्टॉल करण्यापूर्वीच करावी.

ओव्हीएमएफ बहुधा दोन फायलींत मिळते. एकीत प्रत्यक्ष कोड असतो. ती सगळ्या यंत्रांना सामायिक आणि केवळ वाचण्यापुरती. दुसरीत बूटचा क्रम, सिक्युअर बूटच्या (फक्त सही केलेले सॉफ्टवेअरच बूट होऊ देणाऱ्या सोयीच्या) चाव्या असे बदलते मजकूर असतात. तिची प्रत्येक यंत्रासाठी वेगळी प्रत लागते. यंत्र दुसऱ्या होस्टवर नेताना लोक डिस्कची फाइल नेतात आणि ही छोटी फाइल मागे राहते. मग बूटच्या नोंदी नाहीशा होतात आणि फर्मवेअर ठराविक नावाच्या पर्यायी फाइलचा शोध घेते. ती नसेल तर गाडी तिथेच अडते. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही एसडब्ल्यूटीपीएम या साधनाने सॉफ्टवेअरमध्ये पुरवता येते.

शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय डीबगरची, म्हणजे प्रोग्राम एकेक सूचना थांबवून तपासणाऱ्या साधनाची. क्यूईएमयूला प्रोसेसर थांबलेल्या अवस्थेत सुरू करायला सांगता येते आणि १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबी हा डीबगर जोडता येतो. मग फर्मवेअरची पहिलीच सूचना डोळ्यांसमोर असते, पुढची आपण म्हणू तेव्हा चालते. खऱ्या लॅपटॉपवर हेच पाहायला महागडी उपकरणे लागतात. गोव्यात फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून आहे, झुआरीनगरला बिट्स २००४ मध्ये आणि आयआयटी गोवा २०१६ मध्ये सुरू झाले. पण ही प्रयोगशाळा उभारायला मोठी संस्था लागत नाही : सत्तरी-पेडण्याच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालते. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना कर्नलच्या आधीचा हा टप्पा वगळू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. कर्नल सुरू होतो तेव्हा मेमरीचा नकाशा त्याला कोणी दिला, हे इथेच कळते.

खऱ्या बोर्डांसाठीचे मुक्त फर्मवेअर म्हणजे कोअरबूट. रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायॉस नावाने ते सुरू केले. २००८ मध्ये नाव बदलले. ते आधी क्यूईएमयूवर चालवून पाहता येते आणि त्याच्यापुढे सीबायॉस किंवा ईडीके-२ जोडता येते. मात्र अलीकडच्या इंटेल बोर्डांवर मेमरी जागी करणारा भाग कंपनीच्या बंद बायनरीतूनच (मूळ कोड न दिलेल्या फाइलीतून) घ्यावा लागतो. आर्म बोर्डांवर यू-बूट हे सुरू करणारे सॉफ्टवेअर रूढ आहे, रिस्क-फाइव्हवर त्याच्याआधी ओपनएसबीआय हे फर्मवेअर चालते. दोन्ही क्यूईएमयूमध्ये बोर्ड विकत न घेता तपासता येतात.