पाणी घरात शिरायच्या आधी हे एक पान कलेक्टर ऑफिसात द्या: दिव्यांग आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी अर्जाची माहिती (सोलापूर)

आमचं घर शहरात नाल्याच्या कडेला, ग्राउंड फ्लोअरला. धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, वय २७, वजन ५८ किलो, चालता येत नाही आणि त्याचं बोलणं घरच्यांनाच कळतं. एका पावसात रात्री दोनला पाणी उंबरा ओलांडून आत आलं. व्हीलचेअर दारातनंच निघेना, बाहेर गल्लीत गुडघाभर पाणी, मग पलंगावरची सोलापुरी चादर त्याच्या अंगाखाली सरकवली, चार कोपरे चौघांनी धरले आणि समोरच्यांच्या जिन्यानं त्याला वर नेलं. चादर फाटली नाही बघा. हा वर पोचल्यावर हसतोय, "अक्का, झोळी झोळी". फिटच्या गोळ्यांची पिशवी मात्र खालीच राहिली, सकाळी बघितलं तर सगळ्या गोळ्यांचा लगदा.

त्या रात्री शेजारचे तिघं जागे होते म्हणून निभावलं. नसते तर? बाहेर कुणाला माहितीच नव्हतं की या घरात उचलून न्यावं लागणारा माणूस आहे. त्यानंतर भावाची नोंद आपत्तीच्या सरकारी यादीत व्हावी म्हणून मी जे कागद केले ते इथं लिहिते, कारण हे विचारलं तर सगळे योजनेचंच सांगतात, पेन्शनचं सांगतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी कायदा, थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्यातलं कलम ८. त्यात लिहिलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळवायची व्यवस्था करायची. हे प्राधिकरण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली झालेलं, अध्यक्ष कलेक्टर. म्हणजे यादी ठेवणं हे त्यांचं काम आहे, आपण उपकार मागत नाही. पण यादीत आपलं घर आपोआप येईल म्हणून बसलात तर बसूनच राहाल. आपण लेखी द्यायचं, पोच घ्यायची.

कोण देऊ शकतं? या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातलं कुठलंही चालतं. आणि हे नीट वाचा, ४० टक्क्यांची अट योजनांना असते, कलम ८ ला नाही. त्यामुळं तुमचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पांढरं, म्हणजे ४० च्या खालचं असलं तरी अर्ज द्या. (पिवळं ४० ते ८० च्या आतलं, निळं ८० आणि वर.) ऐकू न येणाऱ्यांनी तर नक्कीच द्यावा, कारण भोंगा वाजवून गाडी गल्लीतनं गेली तर त्यांना काय कळणार. प्रमाणपत्र नाही पण अंथरुणाला खिळलेली आजी घरात आहे, तर तिच्यासाठी गावात ग्रामपंचायतीला आणि शहरात महापालिकेच्या झोन ऑफिसला साधा अर्ज द्या, शेवटी पाणी आल्यावर पहिला माणूस तिथलाच येतो.

आता कागद. यूडीआयडी कार्ड असलं तर अर्धं काम झालं. नसेल तर स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही अपलोड करायचं. हॉस्पिटल निवडायचं, एनरोलमेंट नंबर येतो तो जपून ठेवायचा आणि मग डॉक्टरांच्या बोर्डापुढं तपासणी. पोर्टलवर सरकारी फी नाही, कॅफेवाला टायपिंगचे घेईल तेवढेच. २०२४ च्या नियमबदलानंतर प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणून जूनमध्ये धावाधाव करण्यापेक्षा फेब्रुवारीतच सुरू करा. काहींचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, त्यावरची तारीख आजच बघा, आमच्या एका शेजाऱ्यांचं संपून दीड वर्ष झालेलं आणि त्यांना पत्ताच नाही.

यादीच्या अर्जाला यूडीआयडीची झेरॉक्स, रेशनकार्ड किंवा लाइट बिल आणि एक फोटो, मी एवढंच जोडलं. ठरलेला छापील फॉर्म मला काही कुणी दिला नाही, साध्या कागदावर लिहिलं. वर "मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सोलापूर", विषय "दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ कलम ८ नुसार नोंद घेणेबाबत". एक प्रत तहसीलदारांना, एक झोन ऑफिसला. गावाकडचे असाल तर ग्रामसेवक आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). जिल्ह्यात ११ तालुके, तुमचं गाव ज्यात येतं त्याच तहसीलला द्या, नाहीतर कागद फिरत बसतो.

आता खरा मुद्दा. बहुतेक लोक अर्जात टक्के लिहितात, आजाराचं नाव लिहितात आणि थांबतात. बोट घेऊन आलेल्या माणसाला ७५ टक्के म्हणजे काय कळणार? त्याला कळायला पाहिजे ते असं लिहा, मी आमचं देते:

"भाऊ स्वतः उठू शकत नाही. उचलायला किमान चार माणसं लागतात, काखेत हात घालून ओढू नये, खांदा निखळतो. व्हीलचेअर घडी होते, दाराची रुंदी अडीच फूट. फिटच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, चुकवून चालत नाही. त्याचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, हो म्हणायचं असेल तर डोळे मिटतो. सोबत आई किंवा बहीण पाहिजेच, वेगळं ठेवू नये. घर नाल्यापासून तिसरं, तळमजला, खूण: पिठाची गिरणी."

बस. ऑक्सिजनचं मशीन असेल तर लाइट गेल्यावर बॅटरी किती वेळ चालते ते लिहा, आणि तीच प्रत महावितरणच्या जवळच्या ऑफिसातही देऊन ठेवा, नुकसान तर काही नाही. दिसत नसेल तर आवाज देऊन नाव सांगा, हात धरून ओढू नका, हे लिहा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला सायरनचा त्रास होतो, तेही लिहा. निवारा केंद्रात काय लागेल (खुर्चीचं संडास, रॅम्प, तळमजल्याची खोली) याच्या दोन ओळी टाका, कारण लोकांना शाळेत नेतात आणि वर्ग पहिल्या मजल्यावर.

सांभाळणाऱ्याचं वेगळं कार्ड कुठं नसतं, त्यामुळं तुमचं नाव, नातं आणि दोन मोबाइल नंबर याच अर्जात. दुसरा नंबर घरातला नको, लांबच्या गल्लीतल्या नातेवाइकाचा द्या. अजून एक. मुलगा अठराचा झाला की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली पालकत्व घ्यावं लागतं, अर्ज कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं. पूर ओसरल्यावर भरपाईचा कागद, बँकेची सही असलं काही आलं की हे प्रमाणपत्र लागतं, आम्ही फार उशिरा केलं.

मी अर्ज घेऊन गेले तेव्हा एका ऑफिसातला माणूस म्हणाला, "असा अर्ज कुणी देत नाही इथं, पेन्शनचा फॉर्म पाहिजे का?" वाद घातला नाही, कलम ८ ची ओळ दाखवली आणि आवकला (आलेले कागद नोंदवतात तिथं) जाऊन शिक्का मागितला. तुम्हीही तेच करा, तारीख आणि आवक नंबर असलेली प्रत हातात आल्याशिवाय तिथनं हलायचं नाही. महिनाभरात उत्तर नाही आलं तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, किंवा लोकशाही दिन (लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस), कलेक्टर ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. नाहीच तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकार, आमची नोंद कुठल्या रजिस्टरला, कुठल्या तारखेला घेतली. एवढ्या प्रश्नावरच माझी फाइल हलली.

सोलापूर म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो. पण ऑक्टोबर २०२० ला पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले आणि सप्टेंबर २०२५ ला सीना नदीनं माढा, मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. उजनी धरणातनं भीमेत किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर येतंच, पण तुमच्या घरापर्यंत किती तासात येतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. फोनमध्ये सचेत ॲप (धोक्याच्या सरकारी सूचना देणारं) टाका, १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष), ११२, १०८ सेव्ह करा. ऐकू न येणाऱ्यांना ११२ चं ॲप बरं, बटण दाबलं की झालं.

नुकसान झालंच तर पंचनामा होताना घरी थांबा आणि व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र, वॉटरबेड यांची नावं लिहायला लावा, नाहीतर "गृहोपयोगी साहित्य" म्हणून एका ओळीत जातं. आपत्तीतच कुणाला अपंगत्व आलं, म्हणजे हातपाय किंवा डोळा गेला, तर २०२२ ते २६ च्या निकषांप्रमाणे ४० ते ६० टक्क्यांना ७४ हजार आणि ६० च्या वर अडीच लाख ठरवलेले होते, त्याला सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आधीपासूनच्या अपंगत्वाला ही रक्कम नाही, यावरनं लई गैरसमज आहेत.

आमच्या घरात आता दाराच्या खिळ्याला एक प्लॅस्टिकची बरणी लटकवलेली आहे, घट्ट झाकणाची, शेंगा चटणीची होती. त्यात सात दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, यूडीआयडीची झेरॉक्स आणि शिक्का मारलेली पोच. गोळ्या दर महिन्याच्या एक तारखेला बदलते. चादर पलंगावर असतेच.